डाव्या खांद्यावर कुणी नाही

अक-जार, २४ जानेवारी १९९५

साबिरा,

तर पहिला आत आला तो शायलो. हो गं, तोच, पंचवीस वर्षं पक्षाकडून गावोगाव ‘देव नाही’ या विषयावर भाषणं देत फिरणारा! डोक्यावर पांढरी टोपी, दाढी वीतभर, आणि दाराशी बूट काढता काढता मोठ्यानं बिस्मिल्ला. मी म्हटलं, “शायलो, दुसऱ्या कुणाचं तोंड लावून आलास की काय?” तो म्हणतो, “वहिनी, माणूस बदलतो.” मी म्हटलं, “माणूस बदलतो, भाषण तेवढंच लांब राहतं.”

त्याच्या मागून नवा मुल्ला. इलियास नाव, सव्वीस वर्षांचा, मिशी अजून नीट फुटायची आहे, शहरात शिकून आलाय. तिसरा कोण होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो बोललाच नाही, बोरसोक खात बसला. बोरसोक कुठून आले म्हणशील, तर अगं शुक्रवार होता! शुक्रवारी मी कणकेचे तुकडे तळते म्हणजे तळते. तेलाचा वास आपल्या गेलेल्यांना जातो, आईला जातो, माझ्या म्हाताऱ्याला जातो. इलियास म्हणतो, “आजी, वास काही मेलेल्यांपर्यंत पोचत नाही.” मी म्हटलं, “तुझ्यापर्यंत पोचला ना? बरोबर माझ्याच दारात वळलास.” तिसरा माणूस हसला. तेवढाच त्याचा आवाज.

रमजान जवळ आलाय म्हणून घरोघर फिरतायत, मशिदीत चला, नमाज शिका. बरं दिसतं बाई, तरणी पोरं दारू सोडून हे करतात ते. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

एसेन चहा ओतत होता. पाहुण्याच्या वाटीत अर्धाच, मानाचा. तेवीस वर्षांचा झाला माझा नातू पण अजून एक थेंब सांडला नाही त्यानं. मुल्ला बघत राहिला त्याच्याकडे, ती आखूड बोटं, ती बसकी मान, जिभेवर जड झालेले शब्द. एसेननं त्याला विचारलं, “तू घोड्यावरून आलास? तुझा घोडा उजव्या पायानं लंगडतो.” घोडा अंगणाबाहेर, हा घरात! खुरांच्या आवाजावरून ओळखलं. मुल्लानं जाऊन बघितलं तर खरंच खुरात खडा.

परत येऊन बसला आणि म्हणाला, “आजी, या तुमच्या नातवाची काळजी करू नका. प्रत्येकाच्या खांद्यांवर दोन देवदूत हिशेब लिहीत बसतात, पण तीन जणांवरची लेखणी उचललेली असते. झोपलेला माणूस जागा होईपर्यंत, मूल मोठं होईपर्यंत, आणि ज्याची समज वेगळी आहे तो. त्यांची पापं लिहीत नाहीत. याला हिशेब नाही, जहन्नमवरचा पूल ओलांडायची भीती नाही, हा सरळ जन्नतीत.” मी म्हटलं, “झोपलेल्यालाही माफ? मग शायलोची सगळी नोकरी माफ, तो कचेरीत झोपायचाच.”

हसलो आम्ही पोटभर. पण ते गेल्यावर वाट्या धुताना माझा हात थांबला, साबिरा.

एसेन सरळ जन्नतीत. छान. आणि मी? मी सत्तर वर्षांची, आयुष्यात एक नमाज धड नाही. सात वर्षं सामूहिक शेतीची डुकरं सांभाळली, वर पदक घेतलं, आणि ते पदक छातीवर लावलं कुणी? या शायलोनं! मी पुलावरच अडकणार. मग तो आत एकटा काय करेल? त्याची आई आहे तिथे म्हणशील. पण माझी लेक गेली तेव्हा हा सहा वर्षांचा. तिला काय ठाऊक आता त्याला चहात साय किती लागते, वारा सुटला की तो का गातो, कोटाचं वरचं बटण कोण लावतं? मला जन्नतीचा लोभ नाही गं. मधाच्या नद्या आहेत म्हणे, मला गोड चालत नाही. मला फक्त तो जिथे, तिथे जायचंय.

तू म्हणतेस मी पत्रात पूर्णविराम देत नाही. पूर्णविराम दिला की मला वाटतं चहा संपला. या वेळी दिलेत, मोजून घे.

तुझी ताई, बाटमा

*

बिश्केक, ३१ जानेवारी

ताई,

तुझं पत्र बसवाल्या मेदेरनं दिलं. अर्ध्यावर वाचलं आणि मी कोट घालून निघालेच होते. ‘तिघं आले’, ‘लेखणी उचलली’, ‘काळजी करू नका’ — मला वाटलं, पुन्हा एसेनला संस्थेत टाकायच्या कागदावर सही मागायला आले! अठ्ठ्याहत्तर साली त्याची आई गेल्यावर असेच तिघं आले होते, आठवतं? त्यांनाही तू चहा दिला होतास. वर बोरसोक बांधून देत होतीस आणि मी मागच्या खोलीत तो कागद फाडत होते.

दाराशी येऊन उरलेलं वाचलं तेव्हा कळलं, हे त्याला जन्नतीत पाठवतायत, आणि त्याचीही काही घाई नाही. मग कोट काढला.

हे बघ, मी एकतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. माणूस जगात येतो ते दार मी रोज उघडत होते. कुणाच्या खांद्यावर बसून लिहिणारा मला दिसला नाही. लिहिणारी मीच, वेळ, वजन, मुलगा की मुलगी. एखाद-दुसरी ओळ लिहायची राहिली असेल, ते जाऊ दे. ज्या डॉक्टरनं एसेन दहा वर्षं काढणार नाही असं लिहिलं, तो स्वतः जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा लिहिलेल्याचं इतकं मनावर घेऊ नकोस.

डुकरांचं म्हणशील तर तू त्यांना खायला घातलंस, त्यांना खाल्लं नाहीस. ती भुकेली होती. यात पाप कुठलं?

आणि एक सांगते, रागावू नकोस. बटणं एसेनला पंधराव्या वर्षापासून लावता येतात. तूच लावू देत नाहीस.

सोबत नमाज शिकायची पुस्तिका आहे. आपल्या लिपीत, मोठ्या अक्षरात. चहाच्या दुकानदारानं पुड्याबरोबर फुकट दिली, मला काय करायचीय. तुझा गुडघा दुखत असेल तर बसून केली तरी चालते असं आत म्हटलंय म्हणे. मी वाचलेली नाही.

साबिरा

*

अक-जार, ९ फेब्रुवारी

साबिरा, माझ्या न वाचणाऱ्या बहिणी,

पुस्तिकेत तुझ्या चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी सापडली. बरोबर त्या गुडघ्याच्या पानात. चहावाल्याचा आणि तुझा नंबर एकच असेल, मी काही बोलत नाही.

बटणाचं खरं आहे. परवा मी मुद्दाम हात मागे बांधून उभी राहिले. त्यानं खालून वर सगळी लावली, मग माझ्याकडे बघितलं, आणि वरचं काढून माझ्यापुढे मान पुढे केली. आता बोल!

रमजान सुरू झाला. मी रोजे धरतेय. मी! पहिल्या दिवशी दुपारी कपाटाशी उभी राहून सायीचं बोळकं नुसतं हुंगलं. हुंगलेलं चालतं की नाही ते पुस्तिकेत नाही. नमाजही करते, बसून. कुराणातल्या दोन सूरा पाठ झाल्या, तिसरी चुलीपाशी म्हणताना दूध उतू जातं. मी विसरले की एसेन शेजारून कोपरानं ढोसतो. त्याला शब्द येत नाहीत, पण मी कुठे वाकायचं ते त्याला माझ्याआधी कळतं. वासराला विहिरीकडे नेतो ना, तसा मला नेतो.

पण मधे एक रडारड झाली, ती सांगते. मी त्याला म्हटलं, तू रोजा धरू नकोस, तुला माफ आहे, तुझं लिहीत नाहीत. म्हटलं खूश होईल. तर हातातला नान ठेवला, आधी उजव्या खांद्याकडे बघितलं, मग डाव्या. म्हणाला, “माझ्याकडे कुणी नाही?” मग बोटांवर मोजलं, “सगळ्यांकडे दोन-दोन. आजीकडे दोन. मेदेरकडे दोन, मेदेर तर शिव्या देतो. मी एकटा?” आणि गोठ्यात जाऊन गायीच्या गळ्यात पडून रडला. गायसुद्धा चारा खायची थांबली.

मी तशीच काठी घेऊन मशिदीत गेले. बायका जात नाहीत तिकडे, पण माझ्या तोंडाकडे बघून कुणी अडवलं नाही. म्हटलं, “इलियास, काय सांगितलंस माझ्या पोराला? देवदूतांनीसुद्धा त्याला वाळीत टाकलंय?” बिचारा बर्फातून अनवाणी धावत बाहेर आला. म्हणाला, “आजी, असं नाही! पापं लिहीत नाहीत. चांगलं लिहितातच की. उजवीकडचा आहे, त्याला क्षणाची उसंत नाही. डावीकडची जागा तेवढी रिकामी.”

मग तो स्वतः घरी आला, एसेनसमोर बसला, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “इथे कुणी नाही, म्हणून इथे मी हात ठेवू शकतो. दुसऱ्या कुणाच्या ठेवला तर देवदूत म्हणेल, ए, सरक.” एसेन इतका हसला! आता डाव्या खांद्यावर पाण्याची कावड घेतो. उजव्यावर काही ठेवू देत नाही. आणि रोजेसुद्धा धरतो. आधी दुपारपर्यंत, काल पूर्ण. संध्याकाळी उजव्या खांद्याला विचारलं, “लिहिलं?”

माझं मात्र तसंच अडलंय. मी इलियासला विचारलं, “माझं पाप किती उरलं?” तो म्हणाला, “तौबा केली की अल्ला माफ करतो, आजी.” मी म्हटलं, “माफ करतो ते ठीक, पण एसेनच्या शेजारी जागा देतो का?” पुस्तकात शोधतो म्हणाला. सव्वीस वर्षांचं पोर गं, चार पुस्तकं असतील त्याच्याकडे.

येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी, अठराला, शायलोकडे रोजा सोडायला अख्ख्या गावाला बोलावणं आहे. बघू काय खायला घालतो.

बाटमा

*

बिश्केक, २१ फेब्रुवारी

ताई,

तू जिवंत आहेस असं समजून लिहितेय. मेलेली असशील तर मेदेर परत घेऊन येईल.

काल मला दोन तारा आल्या. सकाळची सादिरची: ‘मावशी जिवंत आहे.’ मी म्हटलं, हा आपला भाचा शुद्धीवर आहे ना? जिवंत आहे हे सांगायला कुणी तार करतं का? टपालवाल्याबरोबर हसले, त्याला सफरचंद दिलं. दुपारी दुसरी आली, तीही सादिरचीच: ‘बाटमा मावशी वारली. लगेच ये.’

म्हणजे सकाळी होतीस आणि दुपारी गेलीस! आदल्या दिवशी केलेली तार मागून येते, हे डोक्यात यायला डोकं जागेवर लागतं. मी घरातल्या सपाता घालून बस-अड्ड्यावर गेले. बर्फात. तिकिटाच्या खिडकीशी मला गावाचं नाव आठवेना. तेवढ्यात मेदेर दिसला. मी त्याच्या गळ्यात पडले. तो म्हणाला, “बाटमा काकी? आत्ता सकाळी तर मला झापलं तिनं, पिठाचं पोतं ओलं केलं म्हणून.” तिथल्या बाकावर बसले आणि तासभर हसत होते की रडत होते, मेदेरला विचार. त्यानं मला घरी सोडलं आणि माझी सपात शोधायला परत गेला.

आता नीट सांग काय झालं. पहिल्यापासून. गाळू नकोस.

आणि एक. त्या बाकावर बसल्यावर तुझ्यानंतर मला आठवला तो माझा मुलगा. तुला सांगितलेलं नाही. त्रेपन्न साली, कामासाठी नारीनला होते तेव्हा. तुम्हाला कळवलं की मूल पोटातच गेलं. तो तीन दिवस होता, ताई. एसेनसारखीच आखूड बोटं होती त्याची. प्रसूतिगृहातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, याला पाजू नकोस, जीव लावू नकोस. मी चोरून पाजलं. नाव ठेवलं नाही, वहीत ओळ लिहिली नाही. वही माझ्याच हातात होती.

तुझ्या त्या मुल्लाला विचार, तीन दिवसांच्या मुलाचं काय असतं. माझं नाव घेऊ नकोस. एका बाईचं म्हण.

साबिरा

*

अक-जार, २४ फेब्रुवारी

साबिरा, माझ्या सोन्या, माझ्या अनवाणी बहिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा एसेनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “त्याचं नाव काय?” मी म्हटलं, ठेवलं नाही. म्हणाला, “मग ठेवू.” तर त्यावर विचार कर. मुल्लाचं उत्तर पुढे येतंय. आधी माझं मरण सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

दात. सगळं त्या दातानं केलं. अठराला सकाळपासून माझी खालची दाढ ठणकत होती, गाल नानसारखा फुगलेला. मी पांढरं फडकं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली आणि पडून राहिले. एसेनला म्हटलं, तू जा शायलोकडे, मला बोलायला सांगू नकोस.

तिथे जेवणं झाली. इलियासनं कुराण म्हटलं, आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, हे पठण कुणाच्या नावे पोचवू? शायलोनं बापाचं, आईचं नाव दिलं. बाकीच्यांनी आपापल्या मेलेल्यांची दिली. आणि आपला एसेन पुरुषांच्या पंगतीतून उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “बाटमाला!”

इलियास परगावचा. त्याला मी आजी, मला बाटमा नाव आहे हे त्याला कुठून ठाऊक? त्यानं बिनधास्त दुआत घातलं, ‘आणि बाटमाच्या आत्म्याला’. हात तोंडावरून फिरले आणि सगळे एसेनकडे वळले. कुणीतरी विचारलं, “एसेन, आजी कुठे आहे?” हा म्हणतो, “घरी. झोपलीय.” “केव्हापासून?” “सकाळपासून. बोलत नाही. खात नाही. इथून बांधलंय पांढऱ्या फडक्यानं.” आणि स्वतःची हनुवटी दाखवली.

आता तूच सांग, आपल्याकडे हनुवटी कुणाची बांधतात? माझा म्हातारा गेला तेव्हा त्याची मी याच हातांनी बांधली होती.

बायका म्हणाल्या, पोराला कळलेलं नाही, त्याला आत्ता सांगू नका, रात्र जाऊ दे. सादिर तिथेच होता, त्यानं टपालवाल्याला उठवून तार करायला लावली. आणि एसेन मजेत खिशातून बोरसोक घेऊन घरी आला. मी त्या वेळी गोळी खाऊन घोरत होते.

सकाळी जाग आली ती आरोळीनं. “हाय माझ्या मावशीईई!” पहिला सादिर, लांबच्या वळणापासून घोडा उधळत, रडत. घोड्यावरून उतरला तो डोळे मिटून, आणि भिंतीला तोंड लावून हंबरायला लागला. त्याच्यामागून शायलो, त्याच्यामागून वरच्या आळीतले सगळे. बाप्ये ओळीनं माझ्या भिंतीकडे तोंड करून, काठ्यांवर वाकून रडतायत. बायका अंगणात. मी शाल ओढून मागच्या दारानं बाहेर आले. कुणाचंच लक्ष नाही, सगळ्यांचे डोळे भरलेले.

आणि साबिरा, हिशेब कर. माझ्या घरात माणसं दोन. लोक रडतायत म्हणजे एक गेलं. मी गोठ्याकडे पळाले. या गुडघ्यानं! दार ढकललं तर एसेन डाव्या खांद्यावर कावड घेऊन समोर उभा. म्हणाला, “आजी, पाहुणे आले.”

हा समोर उभा, म्हणजे मेलेली मीच असणार. इतका आनंद मला पदक मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

परत आले आणि बायकांच्या मागे हळूच उभी राहिले. म्हटलं, ऐकून तर घेऊ. कालीचा माहितीये ना, शेजारीण, अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाही एका कोंबड्यावरून? ती मधोमध बसून माझ्यावर शोकगीत गात होती! माझ्या हाताला सायीची चव, माझी चूल कधी विझली नाही, माझ्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. कोंबड्याचं नाव नाही. मीसुद्धा रडायला लागले, इतकी चांगली बाई गेली म्हणून.

मग शायलो पुढे झाला. त्याला भाषण आवरतं का? मयताच्या वेळी विचारतात तसं म्हणाला, “लोकहो, बाटमा कशी बाई होती?” आणि सगळं गाव एका आवाजात, “चांगली होती!” तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. कालीचाचा आवाज सगळ्यांत मोठा.

तेवढ्यात एसेन ओरडला, “आजी, चहा टाकू?” आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

पुढचं काय सांगू! हनुवटी बांधलेली मी, हातात शाल. सादिर चिखलात बसला. दोन बायका कुंपणावरून उड्या मारून पळाल्या. शायलोनं आधी बिस्मिल्ला म्हटलं आणि मग जुन्या सवयीनं “कॉम्रेड्स, शांतता!” कालीचानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “म्हटलेलं परत घेणार नाही, पण कोंबडा माझाच होता.” मग आम्ही गळ्यात गळे घातले.

रोजे असल्यानं दिवसा कुणी खाईना, पण आणलेली मेंढरं परत नेणं बरं दिसेना. मग संध्याकाळी माझ्याच मरणाच्या मटणावर अख्ख्या गावानं रोजा सोडला. दाढ त्या धावपळीत आपली आपण फुटली.

सगळे गेल्यावर इलियास मागे राहिला, कानापर्यंत लाल. माफी मागत होता. मी म्हटलं, माफी राहू दे, आधी याला विचार हे काय केलं. एसेन म्हणाला, “तूच सांगितलंस, नाव घेतलं की पोचतं. ते सगळे पोचलेत. आजी राहिलीय. मला नको, आजीला दे.” बघ! त्याला स्वतःला गरज नाही ना, म्हणून त्यानं आपलं सगळं माझ्याकडे वळवलं होतं, रोजे, पठण, सगळं. आणि मी दोन आठवडे त्याच्या पुढ्यात माझी काळजी बोलत होते, त्याला कळत नाही असं समजून.

मी इलियासला म्हटलं, “आता माझा प्रश्न ऐक. गावानं साक्ष दिली, चांगली होती म्हणून, तीनदा. ती चालते की नाही?” तो म्हणाला, “आजी, ती मेलेल्यासाठी असते. तुम्ही जिवंत होता.” “त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांनी मनापासून दिली. आणि सत्तर वर्षांच्या बाईला आता असा किती उशीर आहे?” तो हसू दाबत म्हणाला, याचा निकाल माझ्यानं होणार नाही, मोठ्या मुल्लांना विचारावं लागेल.

मग आज शुक्रवार म्हणून तो पुन्हा आला (वास पोचला!), तेव्हा तुझं विचारलं. एका बाईचं म्हटलं. तो एक क्षणही थांबला नाही, पुस्तक उघडलं नाही. म्हणाला, “तीन दिवसांचं? ते तर केव्हाच पोचलं, आजी. आणि अशी मुलं दाराशी थांबतात. आई आली की तिच्या झग्याचं टोक धरतात, आणि आत नेल्याशिवाय सोडत नाहीत. चोरून पाजलं ना तिनं? मग तो तिला वासावरून ओळखेल.” मी म्हटलं, “आता वास पोचतो होय?”

म्हणजे झालं तुझं! तू, जी अल्लाचं नाव ठेच लागली तरच घेतेस, ती आत. आणि मी पाच वेळा गुडघे मोडून घेते, ती अजून बाहेर! हा काय न्याय आहे, साबिरा? मी इतकी खूश आहे की रडून घेतलं, आता मटणाचा उरलेला रस्सा तापवते.

एसेन ऐकत होता. म्हणाला, “मीपण.” “काय मीपण?” “मीपण दारात थांबेन. आत नाही जाणार. आजी येईपर्यंत.” इलियास म्हणाला, “अरे, पण तिथे कुणी थांबू देणार नाही, देवदूत हात धरून आत नेतील.” एसेन म्हणाला, “मी बसेन.”

हे इलियासला कळायचं नाही, तो नवा आहे. गेल्या शरदात मेदेरनं वासरू विकायला गाडीत घातलं तेव्हा एसेन गाडीपुढे बसला होता. चार बाप्ये लागले. दोन हाताला, दोन पायाला. संध्याकाळपर्यंत हलला नाही. शेवटी वासरू उतरवावं लागलं. देवदूतांना पंख असतील, पण त्या पोराचं वजन त्यांनी अजून उचललेलं नाही.

तर माझी चिंता मिटली बघ. मोठे मुल्ला काय म्हणायचं ते म्हणोत. ईद झाली की इलियास नारीनला जाऊन त्यांना विचारणार आहे. तू त्याआधी ये, बूट घालून. आणि मुलाचं नाव ठरवून ये. इलियास, शायलो आणि तो न बोलणारा तिसरा, तिघंही परत येतो म्हणालेत. रविवारी, पाच मार्चला, दुपारच्या चहाला.

बाटमा